बबलवर छोटी जोडी: पुढं सारायची कधी, टाकायची कधी

उदगीरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो कृषी सेवा केंद्र चालवतो. तीन मित्रांसोबत गाडी करून गोव्याला पोकर टूर्नामेंट खेळायला गेला होता. त्याच्याच शब्दांत थोडक्यात असं: "वीस जण उरले होते, बक्षीस अठरा जणांना. माझ्याकडं १४ बिग ब्लाइंड. हायजॅकवर बसलो होतो, पंजीची जोडी आली. माझ्यापर्यंत सगळ्यांनी पानं टाकली होती. मी २.२ बिग ब्लाइंडचा रेझ केला. बटणावर टेबलावरचा सगळ्यात मोठा स्टॅक होता, त्यानं ऑल-इन केलं. समोर एक्का-राजा असला तरी निम्मं-निम्मं आहे म्हणून मी कॉल केला. त्याच्याकडं एक्का-राणी निघाली, फ्लॉपला एक्का आला आणि मी विसावा. दोन मित्र म्हणतात नशीब फुटकं, एक म्हणतो जोडी टाकायलाच हवी होती. सर, बबलजवळ छोट्या जोड्या टाकूनच द्यायच्या का? आणि सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या टूर्नामेंटमध्येही, हाच हिशोब चालतो का?"

नव्या वाचकांसाठी थोडे शब्द. बक्षिसाच्या शेवटच्या जागेच्या अगदी अलीकडं जो टप्पा येतो, जिथं एक-दोन जण गेले की उरलेले सगळे पैशात, तो बबल. खेळाडूकडच्या एकूण चिपा म्हणजे स्टॅक, मधोमध जमलेल्या चिपा म्हणजे पॉट. स्मॉल आणि बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी भरायच्या ठरलेल्या चिपा, अँटी म्हणजे त्यावर आणखी भरायच्या चिपा. स्टॅक बिग ब्लाइंडच्या पटीत मोजतात. रेझ म्हणजे बोली वाढवणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढ्या चिपा घालणं, ऑल-इन म्हणजे सगळा स्टॅक लावणं. फ्लॉप म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारी पहिली तीन पानं. हायजॅक, कटऑफ, बटण, स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड या ओळीनं बसायच्या जागा.

आधी तो एक्का डोक्यातून काढा. एक्का-राणीसमोर पंजीची जोडी १०० पैकी साधारण ५४ वेळा टिकते, म्हणजे ४६ वेळा जाते. गेली, यात विशेष काही घडलं नाही. तुमच्या तिन्ही मित्रांचा वाद फ्लॉपवर चाललाय आणि गोची झाली ती फ्लॉपच्या बरीच आधी, २.२ च्या रेझला. १४ बिग ब्लाइंडवर, मागं मोठा स्टॅक बसलेला असताना, छोट्या जोडीला दोनच वाटा असतात: सगळं एकदम पुढं सारा, नाहीतर पानं टाका. तुम्ही मधली वाट धरलीत आणि शेवटचा निर्णय समोरच्याच्या हातात दिलात.

हिशोब मांडून दाखवतो. त्याच्या ऑल-इननंतर पॉटमध्ये काय होतं? स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, बिग ब्लाइंडचा एक, अँटीचा एक, तुमचे २.२ आणि तुमच्या स्टॅकइतके त्याचे १४. एकूण १८.७. तुम्हाला आणखी घालायचे होते ११.८. म्हणजे ३०.५ च्या पॉटसाठी ११.८, म्हणून जिंकण्याची शक्यता किमान ३९ टक्के हवी. आता तो काय काय घेऊन ऑल-इन करेल? सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-दश्शीपासून वरचे एक्के, एकाच रंगाचे एक्का-नव्वी, राजा-राणी, असं धरू. वरच्या जोडीसमोर पंजी फक्त १९ टक्के आहे, दोन मोठ्या पानांसमोर ५४. सगळं मिसळलं की येतात साधारण ४१ टक्के. ३९ हवेत, ४१ आहेत. चिपांच्या हिशोबानं कॉल बसतो, आणि चांगले चांगले खेळाडू इथंच फसतात. कारण बबलवर चिपांचा हिशोब आणि पैशांचा हिशोब एक राहत नाही.



पैशांचा हिशोब कसा वेगळा पडतो ते लहान उदाहरणावर स्वच्छ दिसतं. चार खेळाडू उरलेत, चौघांचे स्टॅक सारखे. बक्षिसं तिघांना: ५०,०००, ३०,००० आणि २०,०००. एकूण लाख रुपये, चौघं सारखे, म्हणून प्रत्येकाची आजची किंमत २५,०००. आता दोघं एकमेकांवर ऑल-इन गेले. हरणारा शून्यावर. जिंकणाऱ्याच्या चिपा दुप्पट झाल्या, मग त्याची किंमत ५०,००० झाली का? नाही. पहिलं बक्षीसच ५०,०००चं आहे आणि अजून दोघं जिवंत आहेत. चिपांच्या प्रमाणात पहिला, दुसरा, तिसरा येण्याच्या शक्यता काढल्या, म्हणजे आयसीएम लावला, तर त्याची किंमत येते ३८,३३३. म्हणजे २५,००० पणाला लावून वर मिळतात जेमतेम १३,३३३. हा सौदा पुरवायचा तर १०० पैकी ६५ वेळा जिंकायला हवं. आणि मधले पैसे गेले कुठं? पानं टाकून शांत बसलेल्या दोघांकडं. त्यांची किंमत बसल्या जागी २५,००० वरून ३०,८३३ झाली. दोघं भिडले की फायदा बघणाऱ्यांचा होतो. बबलचं सगळं शास्त्र या चार आकड्यांत आहे. हे उदाहरण एकदा कागदावर स्वतः सोडवून बघा. एकदा हातानं केलं की पुन्हा "निम्मं-निम्मं आहे" म्हणून कॉल करावासा वाटत नाही.

तुमची टूर्नामेंट चौघांची नव्हती. अठरा बक्षिसं असली आणि दोघं जायचे बाकी असले की दाब इतका कडक नसतो. पण तुमच्यासारखा मधला स्टॅक जेव्हा आपल्याला बुडवू शकणाऱ्या मोठ्या स्टॅकशी भिडतो, तेव्हा चिपांच्या हिशोबावर आणखी आठ-दहा टक्के तरी चढवावे लागतात. ३९ ऐवजी ४७ ते ४९ हवेत. तुमच्याकडं होते ४१. म्हणजे कॉल चुकीचा. पानं टाकली असती तर २.२ हकनाक गेले असते. दोन्ही वाटा तोट्याच्या, आणि त्या तोट्यात तुम्हाला आणलं त्या छोट्या रेझनं. मोठ्या स्टॅकला हे नेमकं माहीत असतं. तो तुमच्या पानांवर खेळतच नसतो, तुमच्या भीतीवर खेळत असतो.

मग सुरुवातीलाच ऑल-इन केलं असतं तर?

पॉटमध्ये २.५ पडलेले. तुमच्या मागं चौघं: कटऑफ, बटण आणि दोन्ही ब्लाइंड. समजा प्रत्येक जण सत्तीच्या जोडीपासून वर आणि एक्का-गुलामापासून वर कॉल करतो. अशी पानं एका माणसाला सुमारे ८ टक्के वेळा येतात, म्हणजे चौघांपैकी कुणीतरी कॉल करण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ७२ वेळा २.५ बिग ब्लाइंड तुमचे, पानं न दाखवता. कॉल झालाच तर तुम्ही ३६-३७ टक्के. सगळं मिळून चिपांत सरासरी एक बिग ब्लाइंडचा फायदा निघतो. आता बबलचा दाब म्हणून गमावलेली चिप दीडपट महाग धरा. फायदा संपून किंचित तोटा येतो. पण दाब फक्त तुमच्यावर असतो का? मागचे चौघंही घाबरलेलेच असतात. ते नव्वीच्या जोडीच्या खाली आणि एक्का-राणीच्या खाली कॉल करणार नसतील, तर कॉलची शक्यता २० टक्क्यांवर येते आणि दीडपट भाव धरूनही जवळपास अर्धा बिग ब्लाइंड हातात राहतो.

आता या दोन आकड्यांतला फरक बघा. पंजीची जोडी तीच, जागा तीच, स्टॅक तोच. बदललं ते एवढंच की मागचे किती घाबरलेत. म्हणून "बबलजवळ छोट्या जोड्या टाकायच्या का" याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. पहिला होऊन सगळं पुढं सारायला छोटी जोडी चांगली, दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायला वाईट. सारताना जिंकायचे दोन रस्ते असतात: समोरचे टाकतात, किंवा कॉल होऊन जोडी टिकते. कॉल करताना एकच रस्ता उरतो, आणि त्या रस्त्यावर छोटी जोडी निम्म्याच्या वर फारशी कधी जात नाही.

तुमच्या डावात मला विचाराल, तर बटणावरचा तो माणूस संध्याकाळभर कसा खेळत होता यावर मी ठरवलं असतं. एक्का-आठ, राजा-गुलाम असल्या पानांवर तो दुसऱ्यांचे ऑल-इन कॉल करत आला असेल, तर मी पंजी टाकली असती आणि जरासुद्धा हळहळलो नसतो. तो फक्त रेझवर चढतो पण ऑल-इनला मान देतो असं दिसलं असतं, तर सगळं पुढं सारलं असतं. आणि हीच जोडी बटणावर आली असती, मोठ्या स्टॅकनं आधीच पानं टाकली असती, मागं फक्त दोन मधले ब्लाइंड, तर विचार न करता ऑल-इन.

आता एक सवयीची गोष्ट. आपल्याकडं मराठवाड्यात पत्ते म्हटलं की तीन पत्ती, रमी, नाहीतर तिर्रट. दिवाळीत, लग्नाच्या जागरणात आपण याच डावांवर वाढलो. तीन पत्तीत जोडी साधारण सहा डावांत एकदा येते, आणि आली की ती जोडीच राहते, पुढं काही बदलत नाही. म्हणून जोडी बघितली की चाल वाढवायची हे हातात बसलेलं असतं. होल्डेममध्ये, म्हणजे आपण बोलतोय त्या पोकरमध्ये, पहिल्या दोन पानांत जोडी येते सतरा डावांत एकदा. ती दुर्मीळ, म्हणून आणखी मोठी वाटते. पण तिच्यापुढं अजून पाच पानं उघडायची असतात आणि त्या पाचांत छोटी जोडी क्वचितच सुधारते. बहुतेक वेळा तिचं मोल घटतच जातं. दुर्रीची जोडी घ्या. एक्का-राजासमोर ती जेमतेम ५२-५३ टक्के. एकाच रंगाचे गुलाम-दश्शी असतील तर दुर्रीची जोडी चक्क मागं पडते, कारण त्यांना सरळ क्रमही लागतो, रंगही लागतो. शिवाय टेबलावर राजा-राजा-आठ-आठ अशा दोन जोड्या पडल्या की तुमची दुर्री असून नसल्यासारखी. मग मोठं सुटं पान ज्याचं, पॉट त्याचा. दुर्री, तिर्री, चौकी या जोड्यांचं हे दुखणं कायमचं आहे. सत्ती-अठ्ठीला ते फार कमी. म्हणून "छोट्या जोड्या" असं एकच गाठोडं बांधू नका. दुर्री आणि सत्ती यांत बबलवर खूप अंतर आहे.

मागं किती जण बसलेत यानंही तेवढाच फरक पडतो. तुमच्याकडं दुर्री असेल तर मागच्या प्रत्येकाकडं तुमच्यापेक्षा मोठी जोडी असण्याची शक्यता साधारण ६ टक्के. तीन जण मागं असतील तर १७ टक्क्यांच्या आसपास. पहिल्याच जागेवर बसलात आणि आठ जण मागं असतील तर ३८. पंजीला हेच आकडे १३ आणि ३०. म्हणून पहिल्या दोन-तीन जागांवरून, १०-१५ बिग ब्लाइंडवर, बबलच्या तोंडावर मी दुर्रीपासून चौकीपर्यंत सरळ टाकतो. पंजी-छक्कीलाही तिथं मोठा मान देत नाही.

सेटबद्दल, म्हणजे जोडीला तिसरं तसंच पान लागण्याबद्दल, थोडक्यात. जोडी घेऊन फ्लॉप बघावा, तिसरं पान लागलं तर समोरच्याचं सगळं घ्यावं, हा डाव टूर्नामेंट नसलेल्या, थेट पैशांच्या टेबलावर चांगला. फ्लॉपला सेट किंवा त्याहून भारी लागण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेआठात एकदा. आपल्याकडं बोअर मारतात तसं आहे: आठ कोरडे गेले तर नवव्याच्या पाण्यातून सगळ्यांचा खर्च निघायला हवा. त्यासाठी कॉल जेवढ्याचा, त्याच्या पंधरा-वीस पट तरी दोघांच्याही मागं शिल्लक हवं. बबलवर २० बिग ब्लाइंडचा स्टॅक असतो आणि रेझ २.२ चा. नऊ पटच मिळतात. खर्च निघत नाही, म्हणून हा डाव तिथं सोडा. एकच सूट: तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, कुणी दुप्पट रेझ केला आणि बाकीच्यांनी टाकलं. पॉटमध्ये ४.५ आहेत, तुम्हाला घालायचा फक्त एक. तेवढ्या भावात कुठलीही जोडी बघा. फ्लॉपला तीन मोठी पानं पडून समोरच्यानं चिपा लावल्या की सोडून द्या.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त वेळ देतो ते सांगतो, कारण नवे खेळाडू ते जवळजवळ कधीच करत नाहीत. बबल जवळ आला की स्वतःच्या पानांपेक्षा हॉलकडं जास्त बघा. पडद्यावर किती जण उरले आणि सरासरी स्टॅक किती हे दिसत असतं, पण खरी माहिती टेबलांवर असते. शेवटचे काही जण उरले की हँड-फॉर-हँड सुरू होतो: सगळ्या टेबलांवर एकाच वेळी एक डाव, तो सगळीकडं संपेपर्यंत पुढचा वाटत नाहीत. या थांबण्याच्या वेळात उठा आणि बाकीच्या टेबलांवरचे स्टॅक बघून या. चिपांचे वीस-वीसचे मनोरे असतात. कुणाच्या पुढं मोठ्या किमतीच्या दोन-चारच चिपा उरल्यात, आणि बटण त्याच्यापासून किती दूर आहे, हे बघा. बिग ब्लाइंड, स्मॉल ब्लाइंड आणि अँटी मिळून एका फेरीला २.५ बिग ब्लाइंड जातात. कुणाकडं दोनच उरलेत आणि पुढच्याच डावाला बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार, असं दिसलं, तर तुमच्या १४ बिग ब्लाइंडची पंजी मोठ्या स्टॅकसमोर सारायची घाई कशाला? तीन-चार डाव थांबलात तर तो माणूस बहुधा जाणार. उलट सगळ्या हॉलमध्ये तुम्हीच सगळ्यात लहान असाल, तर थांबण्यात काही अर्थ नाही. दुसरा कुणी आधी जाईल ही आशा तुमच्यासाठी नाही. तिथं ५-६ बिग ब्लाइंडवर, ब्लाइंड अंगावर येण्याआधी, पहिला होऊन आलेली कुठलीही जोडी, अगदी दुर्रीसुद्धा, सारा. ब्लाइंड भरून ३ वर आलात की तुमच्या ऑल-इनला कुणी भीक घालत नाही. मग बिग ब्लाइंड वाट्टेल त्या पानांवर कॉल करतो आणि जिंकायचा पहिला रस्ता, समोरच्यांनी टाकण्याचा, बंद होतो.

टेबलावर परतलात की माणसं बघा. बबलवर घाबरलेला माणूस ओळखू येतो. तो बोलायचं थांबतो, पानं उचलण्याआधी पडद्याकडं बघतो, आपली पाळी यायच्या आत पानं टाकायच्या तयारीत धरतो. "ऑल-इन, कॉल" अशी हाक दुसऱ्या टेबलावरून आली की मान आधी त्याची वळते. असे दोघं तुमच्या डावीकडं, दोन्ही ब्लाइंडवर बसलेले असतील, तर कटऑफ-बटणावरून तिर्री-चौकीसुद्धा सारण्याजोगी होते. तुमच्या जोडीला तिथं जिंकावंच लागत नाही.

मोठा स्टॅक तुमचा असेल तेव्हा गणित उलटं फिरतं. छोट्या जोडीनं कटऑफ-बटणावरून रेझ करा, मधल्या स्टॅकवर रेझ करा, त्या बटणवाल्यानं तुम्हाला टाकलं तसं त्यांना अडचणीत टाका. फक्त त्यांनी उलटा ऑल-इन केला तर आकडा बघून कॉल. समजा तुम्ही तिर्रीवर २.२ चा रेझ केला आणि स्मॉल ब्लाइंडनं १० बिग ब्लाइंड लावले. तुम्हाला ७.८ घालायचे, पॉट होणार २२ चा, म्हणजे ३५-३६ टक्के हवेत. तुमचं तर काही बुडणार नाही. कॉल करा. त्यानं १८ लावले असते तर ४१-४२ टक्के लागले असते. तिर्रीला तेवढे मिळत नाहीत. टाका. मोठ्या स्टॅकवाले इथं उदार होतात आणि दोन कॉलमध्ये मधल्या स्टॅकवर येतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिली नाही, पण तुमच्या कॉलमागं ती असावी असं मला वाटतं. उदगीरहून पणजी म्हणजे एका बाजूचाच अख्ख्या दिवसाचा प्रवास. डिझेल, खोली, खाणं, वर टूर्नामेंटची फी. "किमान गाडीभाडं तरी निघू दे" हा विचार बबलवर डोक्यात येतोच. त्यातून दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक जण दहाचीही जोडी टाकत शेवटच्या बक्षिसापर्यंत सरपटत जातो आणि तिथं २ बिग ब्लाइंड घेऊन पोचतो. दुसऱ्याला तो ताण सोसवत नाही, तो म्हणतो एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, आणि पहिल्या जोडीला कॉल करून मोकळा होतो. पोकर शिकवायला आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: जो पैसा गेल्यावर घरात सांगता येणार नाही, तो टूर्नामेंटला लावू नका. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे, खताच्या दुकानाची उधारी वसूल होऊन आलेले पैसे, हे त्या टेबलाचे नाहीत. हे मी मनापासून सांगतोय, कारण आपल्या भागात एक हंगाम गेला की घर किती मागं जातं ते मी बघत आलोय. आणि खेळाच्या हिशोबानंही बघा. २०२४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये १०,११२ नोंदी होत्या. फी १०,००० डॉलर, शेवटचं बक्षीस १५,०००, पहिलं १ कोटी डॉलर. लहान टूर्नामेंटमध्येही आकार असाच असतो: शेवटचं बक्षीस फीच्या दीड-दोन पट, खरा पैसा वरच्या तीन-चार जागांत. म्हणून आयसीएमची भीती जेवढी आकड्यांत येते तेवढीच बाळगायची, गाडीभाड्याची त्यात मिसळायची नाही.

सराव कुठं करायचा? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यामुळे फोनवर पैसे लावून शिकायची वाट आता नाही. गावाकडं कुणाच्या शेतातल्या खोलीवर पैशांचा डाव लागतो, तिथंही जाऊ नका. कायद्याचं लचांड तर आहेच, शिवाय तिथं बबल नसतो, म्हणजे जे शिकायचं ते मिळतच नाही. त्यापेक्षा पत्त्यांचा एक कॅट घ्या. त्यातून दोन पंज्या काढून स्वतःपुढं ठेवा. उरलेली पानं पिसून चार जणांना दोन-दोन वाटा आणि उघडा. वर मी जी कॉलची पानं धरली, सत्तीपासून जोड्या आणि एक्का-गुलामापासून वर, ती कुणाकडं निघाली का लिहा. पन्नास वेळा करा, तासाभराचं काम आहे. मग तेच आठ जणांना वाटून करा. चौघं मागं असण्यात आणि आठ जण मागं असण्यात काय फरक आहे हे तुमच्या हाताला कळेल, आणि टेबलावर घड्याळ चालू असताना हातालाच कळलेलं कामाला येतं. जोडीला इंटरनेटवर आयसीएमचे फुकट कॅल्क्युलेटर आहेत. तुमचा डाव, वीसही जणांचे स्टॅक आठवतील तसे, त्यात घाला आणि फक्त बटणवाल्याचा स्टॅक कमी-जास्त करून बघा. तो तुमच्यापेक्षा लहान झाला की पंजीचं उत्तर कसं बदलतं ते दिसेल.

राहिला सॅटेलाइट. तिथं हिशोब हाच, पण फार कडक. कारण बक्षिसं सगळी सारखी असतात. दहा तिकिटं असतील तर पहिला आणि दहावा दोघांनाही एकच तिकीट मिळतं. जास्तीच्या चिपांना तिथं काहीच मोल नाही. अकरा जण उरलेत, तुमच्याकडं मधला स्टॅक आहे आणि एकाकडं एकच बिग ब्लाइंड उरून पुढच्या डावाला ब्लाइंड त्याच्यावर येतोय, अशा वेळी मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनसमोर पंजी टाकायची हे तर झालंच, राण्यांची जोडीही टाकायची, आणि एक्क्यांची जोडीसुद्धा बहुतेक वेळा टाकायचीच. एक्के छोट्या जोडीसमोर ८० टक्के टिकतात. तुमचं तिकीट पानं टाकून ९५ टक्के नक्की असेल, तर ८० साठी ते का लावायचं? फक्त सगळ्यात लहान स्टॅक तुमचाच असेल, ५-६ बिग ब्लाइंडचा, तर उलटं. तेव्हा ब्लाइंड अंगावर येण्याआधीच्या दोन-तीन डावांत दुर्रीपासून जी जोडी पहिली येईल ती सारायची. त्यातही मधल्या स्टॅकचे लोक ब्लाइंडवर असतील तो डाव साधा, कारण सॅटेलाइटच्या बबलवर मधला स्टॅक उगाच कुणाला कॉल करत नाही, आणि मोठा स्टॅक करू शकतो.